यावलहून आलेल्या तक्रारी

(यावल. नेमीचंद शेठच्या केळी पिकवणी केंद्रातली मागची खोली. बाहेर मे महिन्याची दुपार, आत सोळा अंश. क्रेटांपाशी केंद्रावरचा गडी उखर्डू.)

मेघा: तुम्ही फोनवर 'तोतारामचं थोडं सामान' म्हणालात, काका. मला वाटलं, नानांचा मागे राहिलेला चष्मा असेल, फार तर छत्री.

नेमीचंद: फोनवर काय सांगणार बेटा? चेलना शेजारीच उभी होती. सुनेच्या देखत म्हणू, की तुझ्या सासऱ्यानं सात वर्षं केळीच्या क्रेटमागे मित्राची दारू सांभाळली?

मेघा: वाईन.

नेमीचंद: आमच्यात दोन्हीला एकच शब्द. परवा माझ्या मुलानं, अर्हमनं, ही खोली रंगवायला काढली, क्रेट हलवले, आणि माझं सोंग उघडं पडलं. दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललेलं नाही. आज संध्याकाळपर्यंत हे इथून हललं पाहिजे.

उखर्डू: तेरा बाटल्या शेत, ताई. पांढऱ्या सहा, लाल सात. मी मोजी ठेव्यात.

मेघा: आणि या नानांच्या? आमच्या नानांच्या?

नेमीचंद: तुझ्याच बापाच्या.

मेघा: तुमची गल्लत होतेय काका. नाशिकला वाईनच्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हापासून त्यांनी माझ्या कामाचं नाव काढलं नाही. भावकीत सांगायचे, पोरगी ज्यूसच्या कंपनीत आहे. एका दिवाळीला मी दोन बाटल्या आणल्या होत्या, एक पांढरी, एक लाल. म्हटलं, मुलगी काय करते ते एकदा चाखून तरी बघा. दारात उभे राहून म्हणाले, 'माझ्या घरात नाही.' मी त्या गोठ्यात ठेवल्या आणि बस पकडली.

नेमीचंद: कोपऱ्यातल्या त्या दोन बघ.

मेघा: ...दोन हजार सतरा.

नेमीचंद: तुझी बस सुटली आणि हा पिशवी घेऊन माझ्याकडे. म्हणाला, 'घरात नाही असं बोललोय, शब्द गेलाय तोंडातून. तुझ्याकडे थंड असतं, तू ठेव.' मी म्हटलं, तोताराम, माझा धर्म? म्हणाला, 'धर्म पिण्याला आहे, ठेवण्याला नाही.' मी म्हटलं, ठेवण्यालाही आहे. तोवर यानं क्रेट सरकवून मागे ठेवून पण दिल्या.

मेघा: आणि बाकीच्या अकरा?

उखर्डू: त्या मी लयन्यात. दर दिवाईले भुसावळले जाऊ. नाना दुकानमा येत नही, लोके देखतीन म्हनीसन. तुम्हनी कंपनीनी सर्वात सस्ती पांढरी, सर्वात सस्ती लाल. दोन-दोन. एक फोडानी, एक ठेवानी.

मेघा: फोडायची म्हणजे? कोण प्यायचं?

उखर्डू: नाना आनी मी. आठेच, या खोलीमा, क्रेटवर बशीसन. नाना एक घोट तोंडमा धरेत, डोया मिची लेत. जशी केळी अंगठाखाले दाबीसन देखतस ना, तशी. मंग बोलेत.

नेमीचंद: मी दारात खुर्ची टाकून, नाकाला रुमाल. तो आतून बोलायचा, मी बाहेर कार्डावर लिहायचो. जी फोडली तिचं कार्ड ठेवलेल्या जोडीच्या गळ्यात आहे बघ. खोक्याचाच पुठ्ठा कापलाय.

मेघा: कार्ड नका वाचू. आधी ग्लास आहेत का?

उखर्डू: चहाना शेत.

मेघा: चालतील. आणि एक बादली.

नेमीचंद: बेटा, इथेच उघडणार? माझ्या समोर?

मेघा: तुम्ही दारात बसा, नेहमीसारखे. काका, मला एवढंच बघायचंय. कोणी मुलीच्या कंपनीची वस्तू आणून ठेवली, तर तो जिव्हाळा झाला. तो मी समजू शकते. पण चाखून ठरवलं असेल, तर गोष्ट वेगळी. मी सात वर्षं धरून चाललेय की त्यांनी माझं काम तोंडाला लावलं नाही. ते खरं की खोटं, हे कळल्याशिवाय मी एकही बाटली उचलणार नाही.

नेमीचंद: घे. कोणती?

मेघा: अठराची पांढरी. उजेडात धरा, उखर्डूभाऊ.

उखर्डू: हाई तं चहा शे! पांढरी कोठे गयी?

मेघा: गेलीच ती. वास घ्या. चिरून ठेवलेलं सफरचंद जसं लाल पडतं, तसा. आंबटपणा उरलाय, बाकी काही नाही.

उखर्डू: तुम्हीन थुंकी दिधी?

मेघा: आमच्यात थुंकतात.

उखर्डू: नानाले म्या सांगं व्हतं का कंपनीमा लोके पगार लेतस आनी थुंकतस. नाना म्हनेत, मनी पोर वाया घालावनारी नही.

मेघा: वाचा काका, अठराचं कार्ड.

नेमीचंद: 'श्री. सन दोन हजार अठरा, पांढरी. कच्च्या कैरीचा वास. गोडी उशिरा येते, पण येते. पहिली प्रत.'

मेघा: वाईनच्या कार्डावर 'श्री'?

नेमीचंद: हाताला सवय आहे. कागद समोर आला की आधी ते लिहून होतं.

मेघा: कैरी बरोबर आहे. तेव्हा कैरीच होती. आता अठराची लाल द्या. हं. कडेला वीटकरी रंग आलाय, पण जिवंत आहे. थोडी थकलीय. सोळा अंशात ठेवली म्हणून टिकली. जळगावच्या उन्हात ठेवली असती, तर पहिल्याच मे महिन्यात उकळली असती.

नेमीचंद: कार्डावर आहे, 'लाल. जांभळासारखी जीभ धरते. घाईनं काढलेली वाटते. दुसरी प्रत.'

मेघा: घाईनंच काढली होती. मजूर पुढच्या बागेत जायचे होते. पुढची द्या. वीसची पांढरी.

उखर्डू: हाई बी चहा.

मेघा: आणि पाणी. हिच्यात मुळातच अंग नव्हतं. काय लिहिलंय?

नेमीचंद: 'श्री. सन दोन हजार वीस, पांढरी. पातळ. पाण्याचं पीक. फळ भरायच्या वेळी पाऊस थांबलेला नसावा. तिसरी प्रत.'

मेघा: हे त्यांना कोणी सांगितलं?

नेमीचंद: कोण सांगणार? जिभेनं.

मेघा: त्या हंगामाच्या आधी दिवाळी उलटली तरी पाऊस होता. द्राक्षं पाणी पिऊन बसली होती. आम्ही कंपनीत हे कोणापाशी बोललो नव्हतो. बाहेरून फक्त एका ग्राहकानं... थांबा. ते कार्ड द्या इकडे.

नेमीचंद: काय झालं?

मेघा: हे 'श्री' असं आडवं ओढलेलं. हे अक्षर मी पाहिलंय.

नेमीचंद: माझं अक्षर तू कुठे पाहणार?

मेघा: माझ्या टेबलावर. बाटलीवर तक्रारीचा पत्ता छापलेला असतो ना, ती पत्रं माझ्याकडे येतात. 'आपली सन दोन हजार वीसची पांढरी पातळ आहे, खुलासा व्हावा.' खाली नाव, श्री. उखर्डू, केळी पिकवणी केंद्र, यावल.

उखर्डू: तो मी शे, ताई.

मेघा: तुम्ही लिहिलंत?

उखर्डू: माले लिखता येस का? नाना बोलेत, शेठ लिखेत, नाव मना. बठ्ठं गाव हासनं. पोस्टमन म्हने, उखर्डूशेठ, नाशिकथीन टाईप करेल कागद उना. एक डाव तं कंपनीनी बाटली धाडी, माफी मांगीसन.

मेघा: ती मीच पाठवली होती.

नेमीचंद: त्यानं स्वतः लिहिलं असतं तर तू पाकिटावरूनच ओळखलं असतंस. आणि माझ्याकडे बघ. आयुष्यात थेंब शिवलो नाही, आणि कागदावर लिहितोय, 'घशाखाली तुरटपणा रेंगाळतो.' वर श्री.

मेघा: ऑफिसात त्या 'श्री'ला हसायचे. मी नाही हसायचे. चार पत्रांची उत्तरं मी स्वतः लिहिली. बाकीच्यांना छापील उत्तर जायचं. यावल वाचलं की वाटायचं, गावात एक तरी माणूस आहे, जो मी केलेलं तोंडात धरून विचार करतो.

नेमीचंद: होताच.

मेघा: फोनवर आईच्या गोळ्या बोलायचो. केळीचा भाव, पाऊस. दर रविवारी. आणि सोमवारी मी त्यांच्याच पत्राला उत्तर लिहीत होते, 'माननीय ग्राहक'.

उखर्डू: पानी लई येऊ का, ताई?

मेघा: नको. काका, दहाव्याला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तासभर. तेव्हा का नाही बोललात?

नेमीचंद: शपथ होती.

मेघा: शपथ घालणारा माणूस गेला होता.

नेमीचंद: म्हणून तर मोडवेना. तो म्हणायचा, 'मला अजून नीट कळत नाही. कळायला लागलं की मीच सांगेन तिला. अर्धवट कळणाऱ्यानं तोंड उघडू नये.' तुला ठाऊक आहे तो कसा होता. केळीवर मत द्यायलासुद्धा चाळिशी ओलांडली त्यानं.

मेघा: आणि सुनेनं बाटल्या पाहिल्या नसत्या, तर?

नेमीचंद: तर मी अजून गप्प असतो. ते माझं चुकलं, बेटा.

मेघा: ...एकवीसनंतर पांढऱ्या नाहीत. लाल आहेत, बावीस, तेवीस. पांढरी एकदम चोवीसची. असं का?

नेमीचंद: हे तुझ्या पत्रामुळे. उखर्डू, तो बिस्किटाचा डबा आण. बघ, चारही जपून ठेवलीत. हे तिसरं. 'पांढरी वाईन दोन वर्षांच्या आत प्यावी. साठवून ती सुधारत नाही. आपली, मेघा.' त्याला वाटत होतं, जितकी जुनी तितकी चांगली. घरच्या तुपासारखी. प्रत्येक वर्षाची एक राखून ठेवायची, आणि एक दिवस तुला इथे बसवून सगळ्या ओळीनं उघडायच्या, असं मनात होतं त्याच्या. हे पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी चहा घेतला नाही त्यानं. म्हणाला, 'नेमी, पाच मारल्या मी.'

मेघा: मग फेकल्या का नाहीत?

नेमीचंद: मी तेच म्हटलं. म्हणाला, 'खराब माल लपवू नये. तिला दाखवायचा.'

उखर्डू: तवयपाशीन पांढरी दिवाईले फोडी का दोन्ही संपी जायेत. चोवीसनी एक तेवढी ऱ्हाई गयी. तवय नाना आजारी व्हतात.

मेघा: चोवीसची अजून मुदतीत आहे. द्या. तुम्ही पण घ्या, उखर्डूभाऊ, पण आधी वास.

उखर्डू: कैरी.

मेघा: कैरी. रंग बघा, गवताच्या कडेसारखा. अठराच्या शेजारी धरा. हीच ती, सहा वर्षांपूर्वी अशी होती. जरा गोडीकडे झुकलीय, पण साफ आहे. साडेतीनशेच्या आतल्या बाटलीकडून याहून जास्त मागू नये.

नेमीचंद: हिला कार्ड नाही. तेव्हा त्याची जीभच गेली होती औषधांनी.

मेघा: पहिली प्रत लिहा.

नेमीचंद: तू सांगतेस म्हणून?

मेघा: उखर्डूभाऊ सांगतायत म्हणून. तक्रारदार तेच आहेत.

उखर्डू: लिखा शेठ. पहिली. थुंकाले मन व्हस नही.

मेघा: आता बावीसची लाल.

नेमीचंद: ती त्याची आवडती. चाखून डोळे मिटले, ते उघडेचना. मी दारातून हाक मारली, झोपलास काय रे?

मेघा: थांबा, बोलू नका जरा. हं. ही चांगली आहे. अजून तीन वर्षं जाईल. कार्ड?

नेमीचंद: 'श्री. सन दोन हजार बावीस, लाल. पहिली प्रत. कोणाच्या हातची?'

मेघा: पाचवं पत्र.

नेमीचंद: बावीसच्या लालचं? ते पाठवायला दोन वर्षं लावली त्यानं.

मेघा: गेल्या डिसेंबरात आलं होतं. 'आपली सन दोन हजार बावीसची लाल उत्तम आहे. ही कोणाच्या हातची, ते कळवावे.' ती तक्रार नव्हती. कंपनी नावं सांगत नाही. काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून दोन दिवस बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, नाना दवाखान्यात आहेत. ते पत्र अजून तिथेच आहे, ट्रेमध्ये.

नेमीचंद: दवाखान्यात पडल्या पडल्या दोनदा विचारलं त्यानं मला. नाशिकहून काही आलं का? मला वाटलं, तुझ्याबद्दल विचारतोय. मी म्हटलं, निघालीय, येतेय.

मेघा: मी पोचले तेव्हा बोलत नव्हते.

नेमीचंद: कोणाच्या हातची आहे ही?

मेघा: माझ्या. कुठली टाकी कितपत मिसळायची, ते पहिल्यांदा मी एकटीनं ठरवलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं.

उखर्डू: नाना म्हनेत, देख उखर्डू, हाई घाईनं करेल नही. हाई कोनी तरी बशीसन करेल शे.

मेघा: ...पांढऱ्या पाच मोरीत ओतून द्या. सगळ्यांची कार्डं सोडवून मला द्या, लालचीही. चोवीसची इथेच संपवू. उरलेल्या लाल मी घेऊन जाते.

नेमीचंद: घरी? सुनंदावहिनी, तुझी आई, काय म्हणेल?

मेघा: घरात नाही. गाडीतून सरळ नाशिकला. शब्द दिलाय त्यांनी.

नेमीचंद: आणि डबा?

मेघा: डबा तुमच्याकडे राहू द्या. अजून एक पत्र मावेल त्यात. उखर्डूभाऊ, तुमच्या पत्राचं उत्तर राहिलंय माझ्याकडून.

उखर्डू: मंग धाडा ना, ताई. पत्ता तोच शे.