धुऊन गेलेला थर

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, व्यासपीठावरचे पाहुणे, शेजारच्या वॉर्डातून वेळ काढून आलेले डॉक्टर, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या बाई,

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शक विभागाच्या प्रमुखांनी मला लेखी कळवलं : आपल्या नव्या गोळीने उंदरांच्या आतड्याचा संरक्षक थर निम्म्याहून पातळ होतो. तीनदा मोजून त्यांनी खाली सही केली आहे.

निरोपाच्या भाषणात हे काय, असं वाटेल. पण बाईंबद्दल बोलायचं तर दुसरं काय बोलू?

एकतीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आतड्याचे पातळ काप घेतले. हाताखाली शिकलेली पोरं त्यांना ‘पातळ हात’ म्हणतात. आमच्याकडे एक शिस्त आहे : तुकडा स्वच्छ धुतल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. ती मीच लावली. काप कसा आरशासारखा दिसतो! अहवालात फोटो छान येतात.

आपल्या गोळीत पित्ताम्ल आहे. पित्तातली ही आम्लं तेलकट अन्न पचवतात, साबणासारखी. जास्त झाली की साबणासारखीच वागतात. आतड्याच्या आत जो बुळबुळीत थर जंतूंना अडवतो, त्यालाच ती झिजवू शकतात. तेच तपासायचं होतं. गोळी दिलेले उंदीर आणि न दिलेले, दोन्हींचे काप सारखेच दिसले. मी लिहिलं, ‘अस्तरावर परिणाम नाही.’

बारा दिवसांपूर्वी बाई माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“सर, हा गोळी न दिलेला, निरोगी उंदीर ना?”

“हो.”

“मग ह्याचा थर कुठे गेला?”

मी हसलो. म्हटलं, “बाई, आता निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. निवांत चहा प्या.”

“चहा पिईन हो. पण थर कुठे गेला?”

थर आम्ही धुऊन टाकला होता. दोन्हींचा. जे तपासायचं तेच मोरीत सोडून, दोन्ही सारखे म्हणून मी सही केली होती. बाईंनी उरलेल्या उंदरांचे काप न धुता, थर टिकावा म्हणून पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवून पुन्हा केले. विभागप्रमुखांनी मोजले ते हेच. गेल्या रविवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. त्यांच्या आत्याबाईंचा फोन आला, “तुझ्या उंदरांना म्हणावं, एक दिवस कळ काढा!” बाई गेल्या नाहीत.

अध्यक्षमहाराज, माझ्या त्या वाक्यावर विसंबून गोळीच्या चाचणीसाठी चाळीस रुग्ण दाखल झाले आहेत. पहिली गोळी उद्या सकाळी आठला. थांबवण्याचा अधिकार आपला एकट्याचा. दुपारी मी केबिनमध्ये आलो, तेव्हा आपण म्हणालात, “समारंभ होऊ दे, मग बघू.” म्हणून सगळ्यांसमोर बोललो. हा उद्धटपणा आहे, मला कळतं.

बाई, तुमचे आभार कसे मानू? बारसं मी परत आणू शकत नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. अहवालातली चूक मात्र सांभाळून घेऊ नका.

आता अध्यक्ष बोलतील. स्थगितीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आहे, पेनचं टोपण काढून.