इंजिनाला शिवलेला कोट

नवरा : मोठीचं लग्न झालं त्या वर्षी घेतली ही मोटारसायकल, मिस्त्री. बारा वर्षांत कुणाला चटका दिला नाही हिनं, आत्ताच द्यायला लागली.

मिस्त्री : ते राहू द्या. आधी सांगा, इंजिनाला हे काय गुंडाळलंय?

बायको : कोट. यांनी शिवलाय.

मिस्त्री : कोट?

नवरा : जाड कॅनव्हास, आत कापसाचे दोन थर. शिंपी माणूस मी, मला दुसरं काय सुचणार? माझे गुडघे शेकून निघायचे, हिची पोटरी भाजली. म्हटलं, आग आतल्या आत राहील.

मिस्त्री : राहिली की! अहो, तिला काय हुडहुडी भरली होती?

बायको : हसू नका, मिस्त्रीदादा. काल निम्म्या वाटेत बंद पडली. ढकलत परत आलो. माझी आई पस्तीस किलोमीटरवर अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस. माझ्याच हातून घास घेते ती. काल दिवसभर तोंड मिटून पडली होती, भाऊ सांगत होता. त्या वाटेला बसही नाही.

मिस्त्री : बसा वहिनी, त्या स्टुलावर. पाय बघू. अरे बापरे, केवढा फोड!

बायको : एका बाजूला बसायचे तेव्हा काही नव्हतं. लांबच्या रस्त्यानं कंबर धरते, म्हणून दोन्हीकडे पाय टाकायला लागले. उजवी पोटरी नेमकी सायलेन्सरवर.

मिस्त्री : त्याची जाळी कुठाय?

नवरा : खडखडायची. काढून ठेवली.

मिस्त्री : शाबास! आणि पेट्रोलचा हा स्क्रू कुणी पिळला?

बायको : सांगा की आता. गिऱ्हाइकांसमोर तर तोंडाचा पट्टा थांबत नाही.

नवरा : मीच. रोज सत्तर किलोमीटर होतात. म्हटलं, जरा कमी पिऊ दे.

मिस्त्री : पेट्रोल कमी, हवा जास्त, की इंजिन भडकलंच. त्यात इंजिनाच्या या पट्ट्यांमधे चिखल वाळून वीट झालाय. वारा लागला तरच गार राहतं ते, आणि तुम्ही वर कोट चढवलात! ऑइल तरी कधी बदललं?

बायको : यांना विचारू नका. मला उद्या सकाळी निघायचंय, एवढंच बघा.

मिस्त्री : उद्या कशाला? थोडं थांबा, आजच निघा. पट्ट्या खरवडतो, ऑइल ताजं भरतो, स्क्रू जागेवर आणतो. जाळी आहे माझ्याकडे एक. सायलेन्सरला चिकटून नाही लावायची. खाली वॉशर देऊन बोटभर फट ठेवायची. फटीतून वारा गेला की जाळी तापत नाही.

नवरा : मग मी काय करू?

मिस्त्री : शिवा. पण माणसाला. वहिनींच्या पोटरीला गुंडाळायला जाड चामड्याचा पट्टा करा, बंद लावून. फोडाला घासेल असं नको, आत मऊ अस्तर लावा.

नवरा : ते मात्र मला येतं.

बायको : नशीब माझं.

(सतरा दिवसांनी, त्याच दुकानात.)

मिस्त्री : या वहिनी! आज गाडीला काय झालं?

नवरा : काही नाही. गुडघे विसरूनच गेलोय मी. गाडी थांबवल्याबरोबर जाळीला हात लावला, तरी नुसती कोमट.

मिस्त्री : आणि पोटरी?

बायको : खपली पडली. मुद्दाम सांगायला आले, दादा. त्या दिवसापासून रोज गेले, एक दिवस चुकला नाही. यांनी कुरकुर केली, गाडीनं नाही केली.

मिस्त्री : आई कशा आहेत?

बायको : आई गेली. परवा, मंगळवारी, सकाळी सव्वानऊला. मी उशाशी होते.