कारेमचा पाव

हॅलो? … कोण? निर्मलाताई! अगं ओरडू नकोस, स्पष्ट ऐकू येतंय… गावातून, प्लेन दे पपायहून फोन करतेस? सगळं ठीक ना?

हो, हो… सासूबाईंनी पिशवी भरलीय. उद्या सकाळच्या बसने गावी परत. तुला कुणी सांगितलं? … भाऊजींनी? बघ, रोझ हिलच्या माझ्या घरातली बातमी आधी तुमच्या गावात.

नाही गं, रडत नाहीये. मी काय रडणारी आहे? … ऐक ना. सोमवारी ऑफिसात हो की नाही सांगायचंय. परमनंट करतायत मला, ताई! त्या राहिल्या तर रीताला सांभाळतील, मी हो म्हणेन. गेल्या तर… तीन वर्षांची पोर कुणाकडे ठेवू? मग नोकरी संपली.

पण त्या राहणार. आज मी तसा बेतच केलाय.

जेवणाचा! त्यांचं म्हणणं काय, ऑफिसात जाणाऱ्या बाईच्या घरात चूल पेटत नाही. म्हटलं, नाही पेटली तरी घर जेवतं, हे दाखवूनच देते. येताना बस-स्टँडजवळच्या नव्या दुकानातून सँडविच आणली. चार. गरम पाव, आत मोहरीचं अशार लोणचं, वेगवेगळ्या कागदात बांधून. पंधरा मिनिटांत जेवण तयार!

आयो, कळतंय मला! गणपती बारा दिवसांवर आलाय, घरात कारेमचा उपास चालू आहे, अंडंसुद्धा नाही. मी विसरेन? दुकानदाराला स्वच्छ सांगितलं, "मुस्यू, आमचं कारेम आहे, लाव्यान नको, मांसाचा तुकडाही नको, चालेल ते घाल." तो हसला. म्हणाला, "मादाम, कारेम ईस्टरच्या आधी असतं, ईस्टर होऊन किती महिने झाले!" म्हटलं, आमचं आत्ताच असतं. अशा बाबतीत मी चुकत नाही, ताई.

कोण? दुकानदार? … क्रिस्तांव आहे. गळ्यात क्रूस होता. का गं?

काय असतं त्यांच्या कारेममध्ये? … मांस नाही खात, बरोबर… मग? …

मासे?

कारेममध्ये मासे? … चालतात त्यांना? … थांब. थांब गं, फोन ठेवू नकोस.

… ताई. कागद उघडला. पावात टिनच्या डब्यातला मासा. वरून अशार, म्हणून वास आला नाही.

अहो! अहो, थांबा, गिळू नका! … काय? संपलं? … दुसरं चालू आहे? … ठेवा ते खाली! … चविष्ट आहे म्हणे! ताई, ह्या माणसाचा उपास मोहरी लावून गेला.

नाही, रीताला मी अजून दिलं नव्हतं… सासूबाई? त्या देवापाशी आहेत. दिवा लावल्याशिवाय घास घेत नाहीत… वाचले गं, वाचले. पण त्यांचं सँडविच ताटात वाढून ठेवलंय, आणि… आल्या. ताटापाशीच आल्या.

आई… आई, हात लावू नका त्याला. मासा आहे. माझीच चूक. मी कारेम म्हटलं, त्याला त्याचं कारेम वाटलं. मी नीट सांगायला हवं होतं…

… ताई, आहेस ना? … माझ्याकडे बघतायत. भीती वाटतेय गं.

… हसतायत.

पदर तोंडाला लावून हसतायत! म्हणतायत, "एवढी शिकली, साहेबाची फ्रेंच पत्रं टाइप करते, आणि पोरीला मासे चारायला निघाली!" … हो आई. … खरंय आई. … म्हणतायत, "हिच्या भरवशावर घर सोडलं तर गणपतीला मोदकात बोंबील निघेल!"

… काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना.

ताई, ऐकलंस? "उद्या त्या दुकानात मी येते. मीच सांगते त्याला आपलं कारेम काय असतं." … उद्या, ताई! त्या दुकानात मी ऑफिसातून सुटल्यावरच जाणार, संध्याकाळी. आणि बस सकाळची!

गप्प बस, आता मीच रडतेय… हो, पिशवी उघडली. घरात नेसायची साडी काढतायत.

आले आई, आले! … ठेवते गं. बटाटे सोलायला बोलावतायत.