दीपगृहांचा संपादक

नाही नाही, त्या खुर्चीत नको — तिचा पाय डुगडुगतो — म्हणजे डुगडुगत नाही, पण तू ही घे. हं. आणि हे बघ, हे कॉम्प्युटरचं मशीन आजच चालू व्हायला हवं. कधीची फोन करतेय तुला! उद्या चालू केलंस तर न केल्यासारखंच. हसतोस काय? हिला मेलीला कसली आलीय एवढी घाई, असंच ना? वहिनीही तेच म्हणते. वरच्या मजल्यावर असतात ती आणि भाऊ. म्हणते, वन्सं, पगार नाही, मान नाही, कशाला या लष्करच्या भाकऱ्या भाजता?

काम कसलं म्हणतोस? सांगते, तू कर तुझं. इंटरनेटवर एक सूची आहे, जगभरच्या साइट्सची — माणसांनी लावलेली, यंत्राने नाही. एकेका विषयाचा एकेक खण, आणि प्रत्येक खणाला एक संपादक, फुकटचा. लोक साइट पाठवतात, आपण उघडून बघायची, खरी आहे का, चालते का, आणि तिच्याबद्दल एक ओळ लिहायची. एकच. त्यात कौतुक नाही करायचं — उत्तम, सुंदर, अप्रतिम, सगळ्याला कात्री. मी कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, कुठला नट कुठल्या खणात ते झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगितलं असतं. मला जमलं ते. माझा खण शिवणयंत्रांचा. बघतं कोण? कोणी नाही बघत रे आता. सूची लावणारेच मूठभर उरलोत.

दीपगृहांचा खण कंदीलकडे. खरं नाव नाही ते, तिथे सगळे टोपणनावानेच. मी बॉबिन. नव्या संपादकाच्या ओळी जुन्याने तपासायच्या अशी तिथली पद्धत, माझ्या त्याच्याकडे गेल्या. पहिलीच चिठ्ठी — “‘मजबूत’ हे कौतुक आहे. काढा.” मी कसली काढतेय! म्हटलं, यंत्र मजबूत आहे ही माहिती आहे, कौतुक नव्हे. तो म्हणे कौतुक, मी म्हणे माहिती. वर्षानुवर्षं भांडलो. रोज सकाळी उठून आधी बघायचं, आज काय खुसपट काढलंय. त्याच्याइतकं माझ्याशी कोणी बोललंच नाही कधी. आता लेकीकडे असतो तो. आराम करतो.

हो, आला होता ना. एकदाच. त्या — त्या खुर्चीत बसला होता. ऑपरेशनला निघाला होता, वाटेत उतरला. आमच्यात नियमच आहे, चार महिने हात लावला नाहीस तर तुझं नाव पुसतात, खण रिकामा. त्याला तीच धास्ती, ऑपरेशनची नाही. म्हणाला, मी येईपर्यंत नाव पुसू देऊ नका. माझ्या मशीनवर आपला पासवर्ड स्वतः टाकला, ‘लक्षात ठेवू का’ विचारलं मशीनने, तर हो म्हणाला. म्हणून तर भावाच्या मशीनचा उपयोग नाही मला, तो पासवर्ड फक्त यालाच ठाऊक.

मग काय, मी जाते त्याच्या नावाने. एका ओळीतला स्वल्पविराम काढते. पुढच्या खेपेला परत घालते. तेवढं पुरतं. या खेपेचे चार महिने आज भरतात. पानाच्या तळाशी येतं, ‘संपादक: कंदील. शेवटचा बदल: आज.’ आज! वाचून इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. एकदा तर त्याच्या नावाने मलाच चिठ्ठी पाठवली, ‘मजबूत’ काढा म्हणून. आणि माझ्या नावाने उत्तर दिलं, नाही काढणार.

काय बघतोस असा? — हो. गेला तो. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही. लेकीचा फोन आला होता, दोन हिवाळे झाले. मघाशी लेकीकडे म्हटलं का मी? म्हणते मी तसं. सवय झालीय.

झालं? अगबाई, लागलं की! शहाणा आहेस. पण हे एवढं कोरं कसं दिसतंय? — सगळं पुसून नव्याने टाकलंस? असं होय. — फोटो वेगळे काढून ठेवलेस? फोटो कुठले रे, त्याचा एकही नाही माझ्याकडे. बरं, सूची उघड. नाव टाक, कंदील. आता खालच्या चौकोनात काळे ठिपके येतील, आपोआप येतात. थांब जरा. येतील.

— नाही, मला नाही माहीत. तो टाकत होता तेव्हा मी मान फिरवली होती. दुसऱ्याचा पासवर्ड बघतात का?

‘विसरलात का’ नको दाबूस. पत्र त्याच्या ईमेलच्या पत्त्यावर जाईल, आणि तो लेकीने बंद केलाय. नको म्हटलं ना. तुझी काय चूक? मी चालू कर म्हटलं, तू केलंस. उद्या तिथे येईल, या खणाला संपादक नाही, इच्छुकांनी अर्ज करावा. कोण करणार? मी तर नाहीच.

सरक जरा. माझा पासवर्ड पाठ आहे मला. हं — शिवणयंत्रं. ही बघ ती ओळ. ‘पायाने चालणाऱ्या मजबूत यंत्रांची माहिती व सुटे भाग.’ वाच ना मोठ्याने. — हो, कौतुकच आहे. मला तेव्हाच कळलं होतं.

हे काढलं. ‘शेवटचा बदल: आज.’

तू नीघ आता. दार नुसतं ओढून घे.