माशांकडे पाठ

मालवणला स्कूबा करायला निघालायत ना, मग आधी माझं ऐका. पन्नाशी उलटल्यावर पाण्याची भीती मोडायला मी चार महिने रोज पोहण्याच्या तलावावर गेलो. कशासाठी? समुद्रातले प्रवाळ आणि मासे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे म्हणून. वहीत माशांची नावंसुद्धा लिहून ठेवली होती.

समुद्र अगदी शांत होता. मी खाली पोचलो, तर प्रशिक्षकानं माझ्या पाठीमागे पाव कुस्करला. सगळे मासे तिथे जमले आणि यानं मला खांद्याला धरून समोर व्हिडिओ काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याकडे फिरवलं! मी मागे वळलो की हा पुन्हा पुढे फिरवायचा. दहा मिनिटं मी फक्त कॅमेरा पाहिला.

होडीत आल्यावर मी भडकलोच. "अहो, मासे कधी दाखवणार?"

"काका, व्हिडिओत दिसतील की! तुम्हीच सारखे मागे वळत होतात."

"व्हिडिओ मी सदाशिव पेठेत बसूनही पाहिला असता!"

घरी आल्यावर बायकोनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "मासे सुंदर आहेत हो. तुम्ही जरा बाजूला का नाही झालात?"