एक तारखेले या

देवळीहून वर्ध्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी धूमकेतूचा विषय काढला आणि नववीतल्या अस्मिताने कानातला इअरफोन पटकन ओढून काढला. तिने स्वतः चार संध्याकाळी तो पाहिला होता. मध्ये तोंड घालायला ती टपूनच बसली.

"काय रूपराव गुरुजी, पाह्यला का मंग शेपटीवाला? आमच्या परसातून झाडूसारखा दिसे!"

"नाई पाह्यला, नाना."

"काऊन जी? जनमभर पोरायले तुम्हीच तं शिकवलं!"

"तो मावळतीले होता. मावळतीचं परस वाटणीत मोठ्याकडे गेलं. मधात भिंत हाय."

"भिंतीपल्याड काय परका राह्यते? तुमचाच पोरगा ना?"

"हो. पन तो महिना माही पाळी लहान्याकडे होती."

"पाळी जेवाची! तुम्हाले तं आभाळ पाहाचं होतं!"

"तेच म्हनलं दारात उभं राहून. सून म्हने, 'मामाजी, आज आत घेतलं तं लहाने भाऊजी म्हनतीन, पाळी आजपासूनच धरा. एक तारखेले या.'"

"अन् पोरगा?"

"परसातच होता. नातवाले सांगून राह्यला होता, शेपटी सूर्याच्या उलट्या दिशेले काऊन राह्यते ते. भिंतीवरून ऐकू ये. बरोबर सांगत होता."

अस्मिताने उघडलेलं तोंड मिटलं.

"अन् एक तारखेले?"

"तवापर्यंत तारा दिसनासा झालता. तरी सुनेनं माही खुर्ची परसातच टाकली. म्हने, 'बसा आता. महिनाभर पाहा.'"