आधी काठावरून हात फिरवा

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक श्यामसुंदरशेठ, चेंबूरच्या अंध मुलांच्या शाळेतून खास आलेल्या आदरणीय नलिनीबाई, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कुंडलिकराव, शेजारी बसलेल्या सुंदराबाई वहिनी, आणि घाटकोपरच्या आपल्या फर्निचर कारखान्यातल्या माझ्या भावांनो,

मला भाषणाची सवय नाही. टेबलाच्या कडेला पट्टी ठोकणं हे माझं काम. तरी मला उभं केलंत, कारण कुंडलिकरावांशी सगळ्यात जास्त भांडलो असेन तर मीच. ते खाच मारायचे, मी तिच्यात पट्टी बसवायचो. पट्टी अडली की मी म्हणायचो, खाच बारीक. ते म्हणायचे, पट्टी जाड. नवरा-बायको तरी रविवारी गप्प बसतात, आम्ही ओव्हरटाइमलाही भांडलो.

नलिनीबाईंसाठी थोडा खुलासा करतो, बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा. प्लायच्या उघड्या कडेत मशीनने एक खाच मारायची. पट्टीच्या पाठीला जीभ असते, ती त्या खाचेत बसते. मग खिळा नको, चूक म्हणजे बारीक खिळाही नको, हाताला काही टोचायला नको. पण प्लायची जाडी कधी सारखी नसते. म्हणून सनमायक्याची बाजू नेहमी मशीनवर पालथी घालायची. म्हणजे टेबलाचा वरचा काठ सपाट येतो, काय कमीजास्त व्हायचं ते खालच्या अंगाला होतं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ कुंडलिकरावांनी नोकरीभर सांभाळलं. आताही बघा, मघापासून त्यांचा अंगठा या मांडववाल्याच्या टेबलाच्या कडेवरून फिरतोय आणि कपाळाला आठी पडली आहे.

अशा माणसाच्या हातून चूक होईल का? झाली. आणि आज मला तीच सांगायची आहे. शेठ, रागावू नका, तुम्हीही त्या गोष्टीत आहात.

सहा वर्षं झाली असतील. नलिनीबाईंच्या शाळेच्या टेबलांचं काम चाललं होतं. वहिनींचं ऑपरेशन त्याच आठवड्यातलं. कुंडलिकरावांचे हात इथे, जीव दवाखान्यात. सनमायक्याला चरे पडू नयेत म्हणून फळ्या तोंडाला तोंड लावून रचलेल्या असतात. म्हणजे एकाआड एक फळी उलटवून घ्यावी लागते. त्या दिवशी ती उलटवायची राहिली.

मी पट्ट्या ठोकल्या, पॉलिश झालं, टेबलं टेम्पोत चढली. दादू ड्रायव्हर हॉर्न मारत होता. तेवढ्यात कुंडलिकरावांनी सवयीने एका काठावरून अंगठा फिरवला आणि तिथेच थांबले. मग दुसरं टेबल, तिसरं. पट्टी प्लायच्या किंचित वर राहिली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, नखाला मात्र अडत होती.

शेठ बाहेर आले. म्हणाले, “अरे कुंडलिक, केसाएवढा फरक. कोणाला दिसणार आहे?”

कुंडलिकराव म्हणाले, “दिसणार कोणालाच नाही, शेठ. पण ती पोरं हातानं बघतात.”

मग ते म्हणाले, “चूक माझी हाय. मला कामावरनं काढा, पण टेम्पो सोडू नका.”

बायको दवाखान्यात, आणि हा माणूस कोणी विचारलं नसताना आपली नोकरी पुढे ठेवतोय. मग शेठनी स्वतःच्या हाताने टेम्पोची दोरी सोडली आणि टेबलं खाली उतरवायला लावली. शेठ, तेव्हा कोणी म्हणालं नाही, म्हणून आज सर्वांदेखत म्हणतो, तुमच्यासारखा मालक मिळाला हे आमचं नशीब.

पट्ट्या उचकटल्या, जुन्या खाचांत लाकडाच्या चिपा चिकटवून त्या बुजवल्या आणि कुंडलिकरावांनी चुकलेल्या सगळ्या फळ्यांना सरळ बाजूने पुन्हा खाच मारली. शाळा सुरू झाली तेव्हा टेबलं पोचली नव्हती, मुलं चटईवर बसली. पण नलिनीबाईंनी तक्रार केली नाही, कारण कुंडलिकरावांनी फोनवर त्यांना खरं कारण सांगून टाकलं होतं. टेबलं पोचली तेव्हा बाईंनी प्रत्येकाच्या कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, “टेबल कुठे संपतं आणि पट्टी कुठे सुरू होते, कळतच नाही हो.” बाई, तुमच्या त्या वाक्यावर हा माणूस टेम्पोच्या मागे जाऊन रडला. मी पाहिलंय. नाही म्हणू नकोस, कुंडलिक.

बघा, अहो-जाहो सुटलंच. आता राहू दे.

कुंडलिक, तू तुमच्या विहारात संध्याकाळी वाचन करतोस, मांडीवर पुस्तक घेऊन. म्हणून आम्ही तुला हे बैठं मेज केलंय. पट्टी मी बसवली, ते तर रोजचंच. पण खाचही मीच मारली, तुझ्या मशीनवर. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की पट्टी जाड नव्हती आणि खाचही बारीक नव्हती. मीच घाई करत होतो.

शेठ, नलिनीबाई, वहिनी, आपण सगळे आलात, माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेने पोटात घालावं. पण कुंडलिक, हार नंतर, आधी या काठावरून हात फिरव. खाचेत काही राहिलं असेल तर ते मात्र पोटात घालू नकोस. सांग मला. उद्या पट्टी काढतो.